ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर आणलेलं विंडोज उठत नाही: व्हीएम हलवण्याचे अनुभव आणि उपाय

कृष्णाकाठचा
मंडळी, नमस्कार. सांगलीजवळ शेतीअवजारं बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथले कॉम्प्युटर मी बघतो. सर्व्हर एकच, त्यावर व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय ६.७ (एका सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चं एक व्हर्च्युअल मशीन. हिशेब आणि कामगारांची हजेरी, दोन्ही त्यातच. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं धंदा बंद केलाय, इन्स्टॉलर कुणाकडेही नाही. तेव्हा 'नवीन विंडोज टाका आणि मोकळे व्हा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो मालकांनी देऊन झालाय.

नवीन मशीन घेतलंय, त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे तेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर, चढवलंय. जुन्यावरून ब्राउझरमधून ओव्हीएफ (मशीन दुसरीकडे न्यायचा फॉरमॅट) एक्सपोर्ट करायला घेतलं, डिस्क २०० जीबीची, डाउनलोड अर्ध्यात तुटतं. म्हणून एसएसएच चालू करून डेटास्टोअरमधली (ईएसएक्सआय डिस्कच्या फाइली ठेवतं ती जागा) फाइल एससीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून कॉपी करायच्या कमांडनं, सरळ उचलली. नाव 'हिशेब-फ्लॅट.व्हीएमडीके'. प्रॉक्समॉक्सच्या आतलं इंजिन केमू, त्याच्या इमेज कमांडनं क्यूकाऊ२ (केमूचा डिस्क फॉरमॅट) करायला गेलो तर 'इनव्हॅलिड व्हीएमडीके इमेज डिस्क्रिप्टर' म्हणतंय. एक्सपोर्टही जमेना, कन्व्हर्टही जमेना. फाइल खराब आलीय का? कमांडा मोबाईलवरून देवनागरीतच लिहितोय, समजून घ्या.

खटपट्या
फाइल चांगली आहे. '-फ्लॅट' म्हणजे निव्वळ रॉ, जशीच्या तशी कच्ची डिस्क, तिच्यात व्हीएमडीकेचं काहीच नसतं. शेजारी त्याच नावाची, '-फ्लॅट' नसलेली, एक-दोन केबीची फाइल असेल, ती डिस्क्रिप्टर, म्हणजे डिस्कचं वर्णन. नोटपॅडमध्ये उघडून बघ. 'आरडब्ल्यू ४१९४३०४०० व्हीएमएफएस' अशी ओळ दिसेल. ते ५१२ बाइटचे सेक्टर, गुणाकार केलास तर बरोबर २०० जीबी येतात. दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेव आणि कमांडला छोटी फाइल दे. नाहीतर मोठीच द्यायची आणि फॉरमॅट 'रॉ' सांगायचा. काम एकच.

आगाऊ_पाहुणा
नवीन विंडोज टाका आणि मोकळे व्हा.

कृष्णाकाठचा
@आगाऊ_पाहुणा, मालक, तुम्ही इथे पण?

मुळशीकर
खटपट्याशी सहमत, पण मुळात क्यूकाऊ२ करायचंच कशाला? प्रॉक्समॉक्सवर स्टोरेज एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएस (लिनक्सवर डिस्कची जागा सांभाळायच्या दोन पद्धती) असेल तर इम्पोर्ट करताना तो शेवटी रॉच करून ठेवतो. झेडएफएसवर क्यूकाऊ२ म्हणजे कॉपी-ऑन-राइटवर (जुन्यावर न खोडता नव्या जागी लिहिणं) पुन्हा कॉपी-ऑन-राइट, नुसता संथपणा. फ्लॅट फाइल तशीच 'क्यूएम डिस्क इम्पोर्ट'ला दे. मधली कन्व्हर्टची पायरीच नको.

खटपट्या
साध्या फोल्डरवर ठेवणार असेल तर क्यूकाऊ२ लागेलच, स्नॅपशॉटसाठी, म्हणजे मशीनची त्या क्षणाची अवस्था जपायला. त्याचं स्टोरेज काय आहे ते आधी विचारा की राव.

कृष्णाकाठचा
एलव्हीएम-थिन आहे. मुळशीकरांनी सांगितलं तसं केलं, डिस्क आत गेली. आता नवी कथा. मशीन चालू केलं की विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरतं आणि निळा पडदा: 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. परत चालू, परत तेच. कंट्रोलर (मशीनला डिस्क जोडणारा भाग) व्हर्टआयओ स्कझी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला, ठेवलाय, कारण इंटरनेटवर सगळे तोच ठेवा म्हणतात.

निळी_पडदी
माझ्या नावाचा धागा, यावंच लागलं.

जुन्या विंडोजांमध्ये याला ०एक्स७बी म्हणत. अर्थ सरळ आहे: विंडोजचा कर्नल मेमरीत आला, पण ज्या कंट्रोलरवर डिस्क लटकवली आहे त्याचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही, म्हणून स्वतःचीच सी ड्राइव्ह त्याला दिसत नाही. व्हर्टआयओचे ड्रायव्हर विंडोजबरोबर येत नाहीत. ते वेगळ्या आयएसओतून टाकावे लागतात आणि टाकायला आधी विंडोज चालू व्हावं लागतं. हा पेच असा सोडवायचा:

डिस्क डिटॅच कर आणि साटा म्हणून परत जोड. साटानं नाही उठलं तर आयडीई. मग ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डरला त्या डिस्कवर टिचकी मार, कारण डिटॅच केलं की ती यादीतून निघून जाते आणि लोक 'नो बूटेबल डिव्हाइस' बघत बसतात. विंडोज चालू झालं की एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोड, व्हर्टआयओ-विन आयएसओ लाव, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर टाक. रिकामी डिस्क कशासाठी? ते हार्डवेअर प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय विंडोज त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी उचलायच्या यादीत घालत नाही. नुसता सेटअप चालवून डिस्क हलवलीस तर पुन्हा मीच भेटेन. ड्रायव्हर बसला की बंद करून मुख्य डिस्क स्कझीवर ने, छोटी काढून टाक.

२०१२ आर२ साठी अगदी ताजी आयएसओ घेऊ नकोस, जुन्या आवृत्तीतली शोध. नव्या आवृत्त्यांनी जुन्या विंडोजांकडे पाठ फिरवली आहे.

अंधारकोठडी
यूईएफआय आणि बायोसचं, म्हणजे मशीन उठवणाऱ्या नव्या-जुन्या फर्मवेअरचं, बघितलं का? प्रॉक्समॉक्स स्वतःहून सीबायोस, म्हणजे बायोस, देतं. जुनं मशीन यूईएफआयवर असेल तर जन्मात उठणार नाही.

निळी_पडदी
निळ्या पडद्यापर्यंत पोचलंय ना ते, म्हणजे बूटलोडर चालला. फर्मवेअर चुकलं असतं तर एवढंही दिसलं नसतं, काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत बसला असता. तरी खात्री करायची तर जुन्या व्हीएमएक्स फाइलमध्ये (मशीनची सेटिंग्ज त्यात असतात) 'फर्मवेअर = ईएफआय' अशी ओळ शोधायची. नसेल तर बायोस.

कृष्णाकाठचा
ओळ नाही, म्हणजे बायोस. साटा करून बघतो आणि कळवतो.

किनारा
धागा बघून बरं वाटलं, आमच्या तंत्रनिकेतनातलं दुखणं थोडं वेगळं आहे ते इथेच लिहिते. मुलं आपापल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रयोग करतात आणि ओव्हीए करून देतात. ते लॅबच्या ईएसएक्सआयवर टाकायला गेलं की 'अनसपोर्टेड हार्डवेअर फॅमिली व्हर्च्युअलबॉक्स-२.२'. मग मी सेव्हन-झिपनं ओव्हीए उघडली, आतली ओव्हीएफ संपादित करून तिथे 'व्हीएमएक्स-०७' लिहिलं, तर म्हणे चेकसम जुळत नाही. हे नक्की काय प्रकरण आहे?

जुना_खेळाडू
ताई, ओव्हीए म्हणजे दुसरंतिसरं काही नसून एक टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं, आहे. तिच्यात तीन गोष्टी: ओव्हीएफ ही एक्सएमएल, म्हणजे मशीनचं वर्णन, व्हीएमडीके डिस्क, आणि '.एमएफ' ही मॅनिफेस्ट, म्हणजे बाकी दोन्हींचे शा हॅश, मजकुरावरून काढलेले ठसे. तुम्ही ओव्हीएफमध्ये एक अक्षर बदललं की तिचा हॅश बदलतो आणि मॅनिफेस्ट ओरडते. ती एमएफ फाइल उडवून द्या, ती ऐच्छिक असते.

आणखी एक बदल लागेल. व्हर्च्युअलबॉक्स साटा कंट्रोलर रिसोर्सटाइप २० म्हणून लिहितो, ईएसएक्सआयला तो पुष्कळदा पचत नाही. तिथे ६ करा आणि सबटाइप 'एलएसआयलॉजिक'. मग परत टार करणार असाल तर ओव्हीएफ सगळ्यात पहिली जायला हवी, तो नियमच आहे, कारण वाचणारा आधी वर्णन मागतो. फोल्डर उजवी टिचकी मारून झिपल्यागत बांधला तर अक्षरानुक्रम लागतो आणि नशिबावर राहतं. सोपा मार्ग म्हणजे परत बांधूच नका, ओव्हीएफ आणि व्हीएमडीके सुट्ट्याच निवडून द्या.

याच मॅनिफेस्टचा उलटा प्रकारही होतो. नव्या साधनांनी शा-२५६ चे हॅश लिहिले आणि घेणारा जुना व्हीस्फिअर क्लायंट फक्त शा-१ ओळखत असेल तर फाइल ठणठणीत असून 'इनव्हॅलिड' म्हणतो. ओव्हीएफटूलला शा अल्गोरिदम शा-१ दे असं सांगून नवी फाइल काढली की गप्प.

वऱ्हाडी_ठेचा
पोट्टे पेनड्राइव्हवर आणत असतील न ताई, तर ते एफएटी३२ आहे का पाहा. ४ जीबीच्या वर एक फाइल त्याच्यावर मावतच नाही. आमच्याकडे एका पोरानं ओव्हीए 'अर्धी अर्धी' करून दोन पेनड्राइव्हवर आणली होती बाप्पा. जोडायची कशी ते त्यालेच माहीत नव्हतं.

किनारा
@जुना_खेळाडू, चाललं! एमएफ काढली, २० चे ६ केले, पटकन आत गेलं.
@वऱ्हाडी_ठेचा, एक्सफॅट करून आणायला सांगते. तरी काही मुलं नवीन मॅकवरून यूटीएममधली (मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं अॅप) एआरएम, म्हणजे इंटेलहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची, मशीनं आणतात आणि 'मॅडम, कन्व्हर्ट करून द्या' म्हणतात.

जुना_खेळाडू
त्यांना सांगा की फाइलचा फॉरमॅट बदलता येतो, प्रोसेसर नाही. एआरएमचं आत बसवलेलं लिनक्स इंटेलच्या यजमानावर फक्त एम्युलेशननं, म्हणजे एकेक सूचना भाषांतर करत, चालेल, आणि ते चालणं बघून मुलं म्हातारी होतील.

चौकस
अडाणी प्रश्न. चाललंय तर सगळे व्हीएमवेअर सोडून का पळताहेत?

मुळशीकर
ब्रॉडकॉमनं २२ नोव्हेंबर २०२३ ला व्हीएमवेअर घेतलं. डिसेंबरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद, फक्त वर्गणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआयही बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये ८.० ची एक फुकट आवृत्ती परत आणली, पण तोवर छोटे लोक निघून गेले होते. शिवाय धागाकर्त्याच्या ६.७ चा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ लाच संपलाय. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी लोंढा ओळखून २०२४ च्या वसंतात ८.२ मध्ये ईएसएक्सआयवरून थेट आणायचा विझार्ड दिला. @कृष्णाकाठचा, तो का नाही वापरला? स्टोरेजमध्ये ईएसएक्सआय जोडायचं, आयपी आणि पासवर्ड द्यायचा, मशीन निवडायचं, इम्पोर्ट. एससीपीची उठाठेवच नाही.

आगाऊ_पाहुणा
वर्गणी म्हणजे गणपतीच्या मंडळासारखी का? पावती तरी देतात?

मुळशीकर
पावती देतात, प्रसाद नाही.

कृष्णाकाठचा
विझार्ड माहीत नव्हता.

प्रगती: साटा केलं, विंडोज उठलं! कारखान्यात पेढे वाटणार होतो, इतक्यात हिशेबाच्या बाईंनी लॉगिन करून बघितलं. शेवटची नोंद मागच्या दिवाळीची. त्यापुढची सगळी व्हाउचरं गायब. जुन्या सर्व्हरवर मात्र कालपर्यंतची आहेत. कन्व्हर्ट करताना डेटा असा मधूनच कापला जातो का?

खटपट्या
थांब. कशालाही हात लावू नकोस. जुन्या डेटास्टोअरच्या फोल्डरमध्ये 'हिशेब-०००००१.व्हीएमडीके' अशा नावाची फाइल आहे का?

कृष्णाकाठचा
आहे. शेजारी 'हिशेब-०००००१-एसईस्पार्स' अशी ४० जीबीची पण आहे. आधीच्या कंत्राटदारानं दिवाळीच्या सुट्टीत काहीतरी अपडेट टाकलं होतं असं स्टोअरवाले काका म्हणतात.

खटपट्या
झालं, सापडलं. त्यानं अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतला आणि तो तसाच ठेवून गेला. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ फ्लॅट फाइल गोठते. त्यापुढचं सगळं लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं. तू उचललीस ती मूळ फाइल, म्हणजे दिवाळीच्या दिवशीचा विंडोज. कापला काहीच नाही, तू आणलेलाच अर्धा होता. व्हीएमएक्स फाइल उघड, 'स्कझी०:०.फाइलनेम' समोर ०००००१ वालं नाव असेल. चालू डिस्क कुठली हे नेहमी तिथे बघायचं, फोल्डरमध्ये दिसणाऱ्या सगळ्यात मोठ्या फाइलवर जायचं नाही.

आता दोन रस्ते. पहिला: जुनं मशीन बंद करून स्नॅपशॉट मॅनेजरमधून 'डिलीट ऑल'. नाव भयंकर आहे पण ते डेटा उडवत नाही, डेल्टा मूळ डिस्कमध्ये मुरवतं. मात्र डेटास्टोअर काठोकाठ भरलेलं असेल तर ते मध्येच अडकू शकतं. दुसरा, मला जास्त आवडणारा: मशीन बंद करून 'व्हीएमकेएफएसटूल्स -आय हिशेब-०००००१.व्हीएमडीके' आणि पुढे नवीन नाव, '-डी थिन'. ही कमांड अख्खी साखळी वाचून एक सलग नवी डिस्क लिहिते आणि जुन्याला हात लावत नाही. जागा नसेल तर दुसऱ्या पीसीवर एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) काढ, तो ईएसएक्सआयला डेटास्टोअर म्हणून जोड आणि नवी डिस्क तिथेच उतरव.

एक धोक्याची सूचना सगळ्यांसाठी. स्नॅपशॉट असताना मूळ डिस्क जुन्याच सर्व्हरवर दुसऱ्या मशीनला जोडून 'जरा बघू' म्हणून चालू करू नका. मूळ डिस्कवर काही लिहिलं गेलं की तिचा सीआयडी (डिस्क्रिप्टरमधला ओळख क्रमांक) बदलतो आणि डेल्टा म्हणतो, माझा बाप बदलला, मी उघडणार नाही. सीआयडी हातानं जुळवून ती उघडवता येते, पण आतली फाइलसिस्टम शाबूत असेल याची हमी ब्रह्मदेवही देत नाही. इथे उठवली ती नक्कल होती, म्हणून निभावलं.

अंधारकोठडी
+१. मशीन बंद ठेवूनच क्लोन काढा, चालू असताना डेल्टाला कुलूप असतं.

चौकस
मग विझार्डनं आणलं असतं तर हे झालंच नसतं?

मुळशीकर
विझार्ड चालू डिस्कच बघतो, त्यामुळे दिवाळीचा घोळ झाला नसता. पण स्नॅपशॉट असतील तर त्याचा वेग फार पडतो. आधी मुरवून घेतलेलं बरं.

गण्या_लिनक्सवाला
विंडोजवाल्यांचं चालू द्या, लिनक्सवाल्यांसाठी पण चार ओळी. सेंटओएस ७ ची मशीनं व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्स ज्यावर चालतं ते लिनक्समधलं इंजिन) आणली की 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' येऊन आणीबाणीच्या शेलमध्ये पडतात. कारण तेच, निळ्या पडद्याचा चुलतभाऊ. ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची पुरचुंडी) बनवताना 'होस्टओन्ली' असतं, म्हणजे त्या वेळी जे हार्डवेअर दिसतं तेवढ्याचेच मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, भरतं. व्हीएमवेअरवर व्हर्टआयओ नव्हताच, तर भरणार कुठून?

लोक लाइव्ह सीडी शोधत बसतात. गरज नाही. ग्रबच्या (लिनक्सचा बूटलोडर) यादीत खाली 'रेस्क्यू' नावाची नोंद असते, तिचा इनिटरॅमएफएस सर्वसाधारण, सगळे मॉड्यूल भरलेला असतो. तिनं बूट करा, ती सरळ वर येते. मग 'ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल', रीबूट, खेळ खलास. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) कुणी एसडीए लिहून ठेवलं असेल तर यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, करा, कारण व्हर्टआयओ ब्लॉकवर डिस्कचं नाव व्हीडीए होतं.

आणि नेटवर्क. व्हीएमवेअरवरचं ईएनएस३३ किंवा ईएनएस१९२ इथे ईएनएस१८ होऊन येतं, कारण नाव पीसीआयच्या जागेवरून पडतं. कॉन्फिग जुन्या नावानं, कार्ड नव्या नावानं, आयपी नाही. मग लोक म्हणतात कन्व्हर्टमध्ये नेटवर्क करप्ट झालं!

जुना_खेळाडू
गण्याचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं. या धाग्यात आतापर्यंत आलेल्या एकाही तक्रारीत कन्व्हर्टरनं एक बिट चुकवलेला नाही. डिस्क जशीच्या तशी येते, बदलतो तो भोवताल: कंट्रोलर, फर्मवेअर, कार्डाचं नाव. बिऱ्हाड हलवल्यावर भांडी सगळी पोचावीत आणि गॅसचा रेग्युलेटर मात्र दुसऱ्या कंपनीचा निघावा, तसं.

बंगळुरूचा_मराठा
नाही पटलं काका. कन्व्हर्टर चुकवतो, आणि तेही गुपचूप. अॅझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, डिस्क चढवायची असेल तर व्हीएचडी लागते, तीही फिक्स्ड, व्हीएचडीएक्स चालत नाही. आणि व्हर्च्युअल आकार अचूक १ एमआयबीच्या (१०४८५७६ बाइट) पटीत हवा. आता केमू व्हीएचडी बनवताना आपण होऊन जुन्या सिलिंडर-हेड-सेक्टरच्या हिशेबानं आकार पुढेमागे सरकवतो. त्या फॉरमॅटचं केमूतलं नाव 'व्हीपीसी' आहे, व्हर्च्युअल पीसीच्या काळातला वारसा. रॉ फाइल तुम्ही नीट एमआयबीत मोजून बनवलीत तरी व्हीएचडी होताना आकार हलतो आणि अपलोड झाल्यावर मशीन बनवताना नकार मिळतो. तोवर तासन्‌तास बँडविड्थ गेलेली. उपाय म्हणजे ऑप्शनमध्ये 'सबफॉरमॅट=फिक्स्ड,फोर्स_साइज' द्यायचं. नंतर फाइलचा आकार बघा: व्हर्च्युअल आकार अधिक ५१२ बाइट आला पाहिजे, ते ५१२ शेवटच्या फुटरचे. ५१२ वजा करून १०४८५७६ नं भागा, बाकी शून्य नसेल तर अपलोडचं बटण दाबू नका.

जुना_खेळाडू
हे मान्य. शब्द थोडे मागे घेतो, रेग्युलेटर ठेवतो.

निळी_पडदी
बिट चुकलेत का हे बघायला अंदाज कशाला? 'केमू-इमेज कम्पेअर' आहे. मूळ आणि नवी, दोन्ही फाइली द्या, फॉरमॅट वेगळे असले तरी ती आतला मजकूर ताडून बघते. 'आयडेंटिकल' म्हणाली की पुढचा शोध भोवतालात. एससीपीनं आणलेली फाइल आधी दोन्ही टोकांना शा-२५६ काढून जुळवायची, हा माझा शिरस्ता. २०० जीबीला वेळ लागतो, जेवून यायचं.

वऱ्हाडी_ठेचा
२०० जीबी आणायचेच कायले? आतमध्ये भरलेलं किती आहे?

कृष्णाकाठचा
साधारण ७०. बाकी रिकामं.

वऱ्हाडी_ठेचा
मग आधी विंडोजच्या आत एसडिलीट -झेड चालव. रिकाम्या जागेत जुन्या पुसलेल्या फाइलींचा कचरा राहते, तो शून्य होऊन जाईल. कन्व्हर्ट करताना केमू शून्याचे पट्टे वगळते, फाइल लहान. लिनक्स असंन तर एफएसट्रिम नाहीतर झिरोफ्री. पण स्नॅपशॉट असताना हे करू नको बरं! सगळे शून्य डेल्टात लिहिल्या जातीन आणि डेटास्टोअर भरून जाईन. आणि एससीपीले विरळ फाइल कळत नाही, तो सगळे शून्य तारेवरून वाहून नेते. आरसिंक --स्पार्स वापर, तिकडं तरी पूर्ण जागा नाही खात.

आगाऊ_पाहुणा
शून्य वाहून नेणे हे आमच्या ऑफिसात पूर्णवेळ पद आहे.

अंधारकोठडी
खिक्.

चौकस
व्हर्ट-व्ही२व्ही नावाचं काही असतं ना? सगळं आपोआप करतं म्हणे.

गण्या_लिनक्सवाला
असतं, आणि चांगलं आहे. डिस्क उघडून आतलं विंडोज ओळखतं, व्हर्टआयओचे ड्रायव्हर आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी स्वतः घालतं. निळी_पडदी यांनी सांगितलेला रिकाम्या डिस्कचा खेळ वाचतो. लिनक्स असेल तर इनिटरॅमएफएसही नव्यानं बांधतं. एकच अट, विंडोज खरंखुरं शटडाउन झालेलं पाहिजे. विंडोज १० वगैरेंत फास्ट स्टार्टअप चालू असतो, म्हणजे बंद केलं तरी ते अर्धवट झोपलेलंच असतं, आणि अशा एनटीएफएसवर व्ही२व्ही लिहायला नकार देतं. आत 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' करून मग बंद करायचं.

मुळशीकर
अजून एक पळवाट, फारशी कुणाला माहीत नसलेली. जुन्या मशीनचा कंट्रोलर व्हीएमवेअर पॅराव्हर्च्युअल असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये कंट्रोलरच्या यादीत 'व्हीएमवेअर पीव्हीस्कझी' आहे. तो निवडला की विंडोजला पत्ताच लागत नाही की घर बदललं, पहिल्या झटक्यात उठतं. मग सावकाश व्हर्टआयओ करा. व्हीएमवेअर टूल्स मात्र हलवायच्या आधी जुन्या घरीच काढून टाका, नंतर अनइन्स्टॉलर हटून बसतो.

किनारा
मुलांच्या विंडोज ११ मध्ये व्हर्च्युअल टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) असतं, त्याचं काय होतं?

बंगळुरूचा_मराठा
व्हीएमवेअरवर व्हीटीपीएम असलं तर मशीनच्या फाइली एन्क्रिप्ट होतात आणि ओव्हीएफ एक्सपोर्टला नकार मिळतो. टीपीएम काढावं लागतं. त्याआधी आत बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर तो बंद करा, निदान रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. टीपीएमची गुपितं डिस्कबरोबर येत नाहीत.

कृष्णाकाठचा
मंडळी, खटपट्याभाऊंच्या दुसऱ्या रस्त्यानं गेलो. एनएफएसवर सलग डिस्क काढली, ती इम्पोर्ट केली, साटावर उठवलं, कालपर्यंतची सगळी व्हाउचरं आहेत. रिकामी डिस्क लावून व्हर्टआयओ पण झालं, आधीपेक्षा पळतंय. हिशेबाच्या बाई खूश.

आता दोन शेपट्या राहिल्यात. जुना आयपी टाकायला गेलो तर विंडोज म्हणतं, हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. दुसरं कार्ड दिसत तर नाही. आणि हजेरीचं सॉफ्टवेअर म्हणतं 'लायसन्स इनव्हॅलिड', ज्यानं लायसन्स दिलं तो तर गायब.

निळी_पडदी
पहिलं: जुन्या व्हीएमएक्सनेट कार्डाचं भूत रजिस्ट्रीत बसलंय. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१' आणि त्याच खिडकीतून 'डेव्हएमजीएमटी.एमएससी' चालव. व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणं दाखव म्हण. फिकट रंगातलं कार्ड अनइन्स्टॉल कर, मग आयपी दे.

खटपट्या
दुसरं: बहुतेक मॅक अॅड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला, बांधलंय. जुन्या व्हीएमएक्समध्ये मॅक आहे, ००:५०:५६ किंवा ००:०सी:२९ नं सुरू होणारा. प्रॉक्समॉक्सच्या नेटवर्क कार्डाच्या खिडकीत मॅकचा रकाना असतो, तिथे तोच हातानं घाल. जुनं मशीन त्याच नेटवर्कवर चालू ठेवायचं नाही, एका मॅकचे दोघे झाले की स्विच बावचळतो. डिस्कच्या व्हॉल्यूम सिरियलला बांधलेलं असेल तर चिंता नाही, तो फाइलसिस्टममध्येच असतो, आपल्याबरोबर आलाय.

आगाऊ_पाहुणा
आणि डोंगल, म्हणजे यूएसबीची लायसन्स किल्ली, असेल तर?

खटपट्या
तर यूएसबी पासथ्रू. आणि अगरबत्ती.

जुना_खेळाडू
एक प्रश्न धागाकर्त्याला. २०१२ आर२ चे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला संपले. हलवलंत छान, पण हे मशीन इंटरनेटवर उघडं ठेवू नका. प्रॉक्समॉक्सचाच फायरवॉल लावून फक्त हिशेबाच्या पीसींना आत येऊ द्या. आणि आतला डेटाबेस कुठला आहे ते बघून त्याचा रोजचा डंप बाहेर काढा. पुढच्या वेळी हलवायला नुसता डेटाच हवा असेल.

कृष्णाकाठचा
डेटाबेस फायरबर्ड आहे, डंपचं लावतो. फायरवॉल आजच.

मॅक घातला, लायसन्स चाललं! भूतही गेलं. आता खरोखर शेवटचं: आज सकाळच्या पाळीची हजेरी काढली तर आठला आलेले सगळे कामगार रात्री अडीचला हजर दाखवतंय. सुपरवायझर विचारतोय ओव्हरटाइम द्यायचा का.

गण्या_लिनक्सवाला
साडेपाच तास. भारतीय वेळ वजा यूटीसी, पाठ आहे आम्हाला. मशीन बनवताना ओएसचा प्रकार 'अदर' किंवा लिनक्स ठेवला असशील. मग केमू बायोसच्या घड्याळात यूटीसी देतं, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. ऑप्शन्समध्ये ओएस टाइप विंडोज कर किंवा 'यूज लोकल टाइम फॉर आरटीसी' ला हो म्हण. मशीन पूर्ण बंद करून चालू कर, आतून रीस्टार्ट पुरत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ओव्हरटाइम देऊन टाका हो, अडीचले उठून आले बिचारे.

कृष्णाकाठचा
झालं, घड्याळ बरोबर. हजेरी सुपरवायझरनं हातानं दुरुस्त केली. जुना सर्व्हर बंद करून ठेवलाय, महिनाअखेरचा पगार नव्यावरून निघाला की मग फॉरमॅट.

चौकस
माझ्याकडे हायपर-व्हीची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरची, एव्हीएचडीएक्स नावाची फाइल आहे. ती कशी कन्व्हर्ट करू?

खटपट्या
वर स्नॅपशॉटचं लिहिलंय ते वाच. एव्हीएचडीएक्स म्हणजे तेच, चेकपॉइंटचा डेल्टा. हायपर-व्ही मॅनेजरमधून चेकपॉइंट डिलीट कर, मर्ज पूर्ण होऊ दे, मग जी व्हीएचडीएक्स उरेल ती घे. मूळ व्हीएचडीएक्स जागेवर आहे ना?

चौकस
ती जागा करायला डिलीट केली होती बहुतेक कुणीतरी.

खटपट्या
बॅकअप आहे का?

आगाऊ_पाहुणा
नवीन विंडोज टाका आणि मोकळे व्हा.